खिळ्याच्या खुणेपर्यंत

“लाभ,” म्हणून तो पहिला डबा पिशवीत ओतायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की माझ्या कपाळाची शीर उठायची. आजही तो शब्द कानी पडला की उठते.

लढाईच्या दिवसांत मूर्तिजापूरला आमच्या गल्लीतलं कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, दुकान त्याच्याकडे होतं. कार्डावरची ज्वारी वजनानं द्यायची असा हुकूम. पण रांगेतल्या प्रत्येकाचं तोलत कोण बसणार? यानं सुरुवातीलाच पाच शेर ज्वारी तोलली, रॉकेलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात ओतली आणि ती जिथवर आली तिथं खिळ्यानं खूण केली. पुढे तराजूला हात लावला नाही. खुणेपर्यंत डबा भरला की पाच शेर झाले. एकदा ठरलं ते ठरलं म्हणणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तेव्हाची ज्वारी टपोरी होती, म्हणून कुणी बोललं नाही. मग किडीनं पोखरलेली येऊ लागली. दाणा दिसायला तेवढाच, आत पोकळ. डबा खुणेपर्यंत भरायचा आणि पिशवी मात्र हाताला हलकी लागायची. घरात आठवड्याचं धान्य आठवडाभर पुरेना. माझी बायको नुकतीच बाळंत झालेली. सगळ्यांना वाढून उरेल ते ती खायची, आणि लेकराला दूध पुरत नव्हतं.

एकदा तीच रांगेत जाऊन उभी राहिली. मी मागे होतो.

“भाऊ, डबा भरला, पण जवारी हलकी हाये. एकडाव तराजूत टाकून पाहा.”

त्यानं मान वर केली नाही. “डबा तोच, खूण तीच. मंग वजन कमी कावून होईन, बाई?”

मी पुढे होऊन सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणालो. त्यानं आपल्या घरची पिशवी काढली आणि त्याच डब्यानं, त्याच खुणेपर्यंत भरून दाखवली. तेही “लाभ” म्हणत. त्याच्या बायकोनं ती बरोबर तेवढ्याच मापाची शिवली होती. रांगेला ते पटलं, मला मात्र जास्तच चीड आली. चोर असता तर परवडला असता. चोराची बायको निदान पोटभर जेवते.

पुढे तो तापानं गेला. शेजारधर्म म्हणून मी त्याच्या दारी जाऊन आलो, डोळ्यांत पाणी काही आलं नाही.

नव्या दुकानदारानं आल्या आल्या तराजू टांगला. ज्वारी तीच, पोखरलेली. रांगेत माझ्यापुढे गेलेल्या दुकानदाराची बायको होती. कार्डावरून नवऱ्याचं नाव अजून कमी झालं नव्हतं. दुकानदार तोलून तिच्या पिशवीत ओतत गेला. पिशवी तोंडापर्यंत भरली, सांडू लागली, आणि पारड्यात ज्वारी अजून होतीच.

तिनं पदर पसरून उरलेली त्यात घेतली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “एवढी येते का आपल्याले?”

“पयलेपासूनच यायले पायजे होती,” मी म्हणालो.