पहिल्याला काय म्हणायचं

खुर्चीतून हात न टेकता सलग दहा वेळा उठता आलं की आंटी घरी जाऊ शकतात, असं फिजिओथेरपीवाला पहिल्याच दिवशी म्हणाला. घर म्हणजे सिंगापुरातला, पासिर रिसचा हा फ्लॅट नव्हे. घर म्हणजे अल्जेरियातला डोंगर, जिथे गाडीरस्ता संपल्यावर वर नुसत्या पायऱ्या आहेत.

आंटी म्हणजे आमच्या मॅडमची आई. मॅडम तिला यम्मा म्हणायच्या, म्हणून मीही यम्माच म्हणायला लागले. ती लेकीकडे थोडे दिवस राहायला आली आणि बाथरूममध्ये पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, पण उठायची भीती काही जाईना. तिला एकच भाषा यायची, काबील. अरबी नव्हे, फ्रेंच नव्हे, त्यांच्या डोंगरातली. मॅडम सकाळी आठला ऑफिसला गेल्या की घरात आम्ही दोघी, मध्ये खुर्ची, आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नाही.

मी सिंगापूरला आले ती एका पुण्याच्या कुटुंबाबरोबर, सेरंगूनला त्यांचं बाळ सांभाळायला. कामाचा पास मिळायला आठवी झालेली लागते, आणि माझी बरोबर तेवढीच झाली होती. नववीला नाव घातलं आणि दिवाळीआधी काढलं. ते लोक परत गेले तेव्हा त्या ताईंनी धडपड करून मला हे घर मिळवून दिलं. त्यांचे उपकार मी रोज आठवते. पण पास घराला बांधलेला असतो. इथलं काम संपलं की दुसरं घर शोधायचं, नाहीतर विमानात बसायचं. गावी माझी लेक बारावीला आहे. यम्माला बरं करायचं काम माझं, आणि ती बरी झाली की माझं काम संपणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

फिजिओथेरपीवाला तरुण, हसरा. तो "वन, टू, आंटी, अप" म्हणायचा आणि यम्मा त्याच्याकडे टीव्हीकडे बघावं तशी बघत बसायची. मला म्हणाला, "तुम्ही तिच्या भाषेत मोजा ना." मी भाजी चिरता चिरता फोनवर व्हिडिओ लावून पाठ केलं. यिवन, सिन, क्राड, कुझ, सम्मुस. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत म्हणायला लागले. यम्मा 'सिन'ला उठली. 'क्राड' म्हटल्याबरोबर मटकन खाली बसली, मला काहीतरी विचारलं, आणि मग ठसका लागेपर्यंत हसली.

संध्याकाळी मॅडमही हसल्या. "अगं, ते शाळेतले आकडे. माझ्या भाच्यांना शिकवतात हल्ली. आई कुठे शाळेत गेलीय? तिला दोनपर्यंत आपले, पुढे बाजारातले."

"बाजारातले म्हणजे?"

"तीनपासून अरबी. त्लाता, रब्आ, खम्सा. आमच्याकडे सगळ्या बायका असंच मोजतात."

मला जरा बरंच वाटलं. शाळेतले आकडे तिलाही कळत नव्हते.

मॅडमनी दहापर्यंत म्हणून माझ्या फोनवर आवाज भरून दिला. 'रब्आ' घशातून काढायचा असतो, काटा अडकल्यासारखा. यम्मा माझी हनुवटी धरून तो माझ्याकडून परत परत म्हणून घ्यायची. सकाळी फरशी, मग तिची आंघोळ, मग बाजार, स्वयंपाक, कपडे, आणि मध्येच खुर्ची. तिला उठवताना माझी कंबर भरून यायची. बसमध्ये उभी असताना तोंडात सत्ता, सबआ, त्मान्या चालू असायचं. शेजारची बाई बघायची.

आकडे बसले, पण एक गोष्ट जमेना. मी 'यिवन' म्हटलं की यम्मा उठायची नाही. उलट आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवायची. पुढे 'सिन' म्हटलं की मात्र उठायची, आणि तिथून दहापर्यंत दमत दमत नीट जायची. म्हणजे माझे दहा झाले तेव्हा तिचे नऊच झालेले.

"आंटी, नाइन ओन्ली. वन मोअर, लाह," फिजिओथेरपीवाला इथल्या सवयीने लाह लावून म्हणायचा.

"उहू," यम्मा म्हणायची. म्हणजे नाही. तिच्या हिशेबाने मोजणी झाली होती.

असं रोजच होऊ लागलं. मी चुकीचं बोलते आहे का, त्यांच्यात ते वाईट आहे का, याने माझा जीव टांगणीला. फिजिओथेरपीवाला मॅडमना हळू आवाजात म्हणाला, सुरुवात कर म्हटलेलं तिला कळत नसावं, वयाने होतं असं, विमानाचं पुढे ढकलू या. मॅडमचा चेहरा उतरला. ऑलिव्ह उतरवायच्या आत यम्माला गावी पोचायचं होतं. ती दुसरं काही मागतच नव्हती. नऊवर अडकलं की मला दोन गोष्टी एकदम वाटायच्या, आणि त्यातली एक मी कुणाला सांगितली नाही.

एका दुपारी मी कुसकुससाठी, त्यांच्या रव्याच्या जेवणासाठी, रवा काढत होते. यम्मा वॉकर धरून हळूहळू स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली, माझ्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः परातीत रवा टाकू लागली. वाटीमागून वाटी, तोंडाने पुटपुटत. "बिस्मिल्लाह. सिन. त्लाता. रब्आ."

पहिल्या वाटीला बिस्मिल्लाह. यिवन नाहीच.

आजऱ्याकडे खळ्यावर मामा भात मापायचा तेव्हा पहिल्या पायलीला एक म्हणायचा नाही. लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. मी लहान असताना मध्येच "एक" म्हणून ओरडले तर त्याने असाच हात माझ्या तोंडावर ठेवला होता. एक म्हटलं की रास आटते, म्हणायचा.

संध्याकाळी मॅडमना विचारलं. त्या बॅग खांद्यावरच ठेवून भिंतीला टेकल्या. "हो गं. धान्य, तेल, काही मोजायचं तर पहिल्याला एक म्हणत नाही ती. बरकत जाते म्हणते. मी विसरलेच होते."

"पण मॅडम, हे धान्य थोडंच आहे?"

"तिला विचार." मग बॅग खाली ठेवत म्हणाल्या, "पायातलं बळ मोजतेय ना ती."

"मी म्हटलं तर चालेल? मी हिंदू."

"तूच मोजतेस ना रोज. म्हण."

फिजिओथेरपीवाला आला त्या दिवशी मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि "बिस्मिल्लाह" म्हटलं. यम्माने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठली. हात मांडीवर नाहीत, खुर्चीवर नाहीत. सिनला उठली. खम्साला कपाळावर घाम. सबआला गुडघे थरथरले. तसआ, म्हणजे नऊ, म्हणून मी थांबले. तिला श्वास घेऊ द्यायचा होता, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. यम्मा माझ्याकडेच बघत होती. मी "अश्रा" म्हटलं. ती उठली, आणि उभीच राहिली.

"टेन, आंटी! कॅन गो होम, लाह," तो म्हणाला. यम्माने त्याचा गाल थोपटला आणि मला "अ यल्ली" म्हणाली. म्हणजे माझ्या पोरी.

ती गेली. मॅडमनी मला लगेच सोडलं नाही, दुसरं घर मिळेपर्यंत ठेवून घेतलं. घरही त्या फिजिओथेरपीवाल्यानेच बघून दिलं, वुडलँड्सला, त्याच्याकडचेच एक पेशंट, चिनी आजोबा. या लोकांचे उपकार कसे फेडायचे, याचाही घोर लागतोच.

आजोबांना इंग्रजी येत नाही. सुनेने सांगितलं, आकडे होक्कियनमध्ये, त्यांच्या चिनी बोलीत, म्हणावे लागतील, सोपे आहेत, शिकवते. मी म्हटलं, शिकवा, पण आधी सांगा, पहिल्याला काय म्हणायचं?

"पहिल्याला? एकच म्हणायचं. दुसरं काय म्हणणार?"

बरं, म्हटलं, आणि वॉकर पुढे ओढला.