वजनाचा काटा अडला तो घासावर

गटावरच्या मंडळींनो, मी शिक्षक, बारामतीच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितोय.

वर्षापूर्वी माझी बायको सुनंदा गेली. नंतर डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून मी रोज पहाटे चालायला लागलो. सहा किलो उतरलं आणि काटा अडकला. मग मी जेवण आणखी कमी केलं.

आज सकाळी पिंपळीच्या रस्त्यावर मला चक्कर आली. तालमीचे वस्ताद तुकाराम आबा धावत आले.

"सर, काल काय जेवला?"

"दुपारी खानावळीत थोडा भात."

"आवो, शरीराला खायलाच न्हाय दिलं, तर ते हाय ते धरून बसतंय. पोटभर जेवा, थोडं वजन उचला, मग बघा."

"एकट्यासाठी कुठं रांधायचं, आबा?" मी म्हणालो. वर्षभरात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी मला त्यांच्या घरी नेलं. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुपारी घरी स्वतः कुकर लावायला गेलो, तर वाटी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तुमच्यापैकी कुणी एकटं राहत असेल तर सांगा, एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे?