वाकड्या रेघा
नव्या थर्माकोलचा वास आला की मला कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधलं टीव्हीचं ते दुकान आठवतं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाबांना क्रिकेटसाठी मोठा टीव्ही हवा होता. एसीच्या गारठ्यात भिंतभर पडदे झगमगत होते. एकावर परदेशातलं शहर दिसत होतं, इतकं स्पष्ट की इमारतींच्या खिडक्या मोजता याव्यात. बाबा म्हणाले, "हा नको. रेघा वाकड्या दिसतात." सेल्समन हसला, "सर, फोर-के है, इससे साफ पिक्चर नहीं मिलेगा." बाबांनी शेजारचा टीव्ही पाहिला, मग त्याच्या पलीकडचा. "सगळेच वाकडे," ते पुटपुटले. म्हणजे दोष टीव्हीत नव्हता. मी त्यांचा उजवा डोळा तळहातानं झाकला. "आता?" माझं मनगट घट्ट धरून बाबा म्हणाले, "मधोमध काहीच नाही गं." आम्ही तिथून टॅक्सीनं थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शनांनी उजवा डोळा वाचला, डाव्याची मधली नजर गेली ती गेलीच. डोळ्यांच्या पडद्याचा हा आजार घराण्यात उतरू शकतो, असंही डॉक्टर म्हणाल्या. आता रोज सकाळी मी एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघते, आणि ते सरळ दिसेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.