सुभाषकाकांच्या आवाजात

कबुलीजबाब म्हटल्यावर सावरून बसलात ना? पोरीची भानगड असेल, नाहीतर कुणाच्या बागेतला चोरलेला हापूस. नाही हो. निराशा होणार तुमची. यात आहे एक सरकारी वेबसाइट आणि तिचं एक मुकं बटन. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलासुद्धा नाही.

मी नकला करतो. हेडमास्तर, स्टँडवर गाड्या पुकारणारा, कुणीही सांगा. पोटासाठी रत्नागिरीत एका छोट्या कंप्युटरवाल्याकडे कामाला आहे. तिथं काम आलं — सरकारी वेबसाइट अंध माणसांना वापरता येईल अशी करायची. बोट फिरेल तिथलं मोबाइल वाचून दाखवतो, माणूस ऐकून फॉर्म भरतो. तपासायला खरा अंध माणूस हवा. मी सुभाषकाकांना धरलं. मांडवीला आमचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, काचबिंदूनं नजर गेली. काकी गेल्यापासून एकटेच.

काका काय खूश! सवलतीच्या पासाचा अर्ज आता आपला आपण भरू म्हणाले, दरवेळी कुणाला तरी हाक मारायला नको. नाव, पत्ता, सगळं भरलं त्यांनी. आणि अगदी शेवटी — मोबाइल नुसतं "बटन" म्हणाला. शेजारी दुसरं, तेही "बटन". एक अर्ज पाठवायचं, एक सगळं पुसायचं. काकांनी नेमकं पुसायचं दाबलं.

"चालत नाही असं लिही," म्हणाले.

लिहिलं मी? आमच्या साहेबांना शनिवारी काम हातावेगळं करायचं होतं, आणि साहेबांपुढे माझी वाचा बसते — दहा आवाजांपैकी एक निघत नाही. मी तपासणीच्या कागदावर 'चालते' लिहिलं. खात्री करायला सरकारी ऑफिसातून तपासणाऱ्याला फोन जातो, म्हणून काकांच्या नंबराच्या जागी माझा दुसरा नंबर टाकला. सोमवारी सरकारी ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. मी जेटीवर एकटाच होतो. आणि मी — कसं सांगू — मी काका झालो. तोच घोगरा सूर, मधला खोकलासुद्धा. "एकदम झकास चालते हो मॅडम!"

घाबरून केलं असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मजा आली होती मला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, तर स्वतःशीच हसलो.

महिन्याभरानं, आता दुरुस्त झालं असेल म्हणून, काका घरी एकटे अर्ज भरायला बसले. तीनदा पुसला गेला. ऑफिसात तक्रार करायला गेले तर मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हीच तर फोनवर झकास म्हणालात!

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "मी बोललो असेन काय रे असं? मला कसं आठवत नाही? डोळे गेले, आता डोकं पण चाललं वाटतं."

तेव्हा सांगायचं ना? एवढंच तर म्हणायचं होतं — काका, तो मी होतो. तेवढंही म्हटलं नाही. खाली मान घालून त्यांचा अर्ज मी भरला. ते बटन मी दाबलं. ते अजून तसंच आहे. काका मात्र आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, दार लावलं का, गॅस बंद केला का.

त्या संध्याकाळी अर्ज भरून उठलो तसे काका खवळले. "मेल्या, मघापासून बसलायस, एक शब्द नाही! साऱ्या गावाच्या आवाजात बडबडतोस, आणि माझ्या घरात तोंड शिवून बसतोस? समोरचा गप्प बसला की माझ्यासाठी तो तिथं नसतोच रे. एवढं पण कळत नाही तुला?"