लाल मोटारीचं कपाळ

धावजीच्या घराण्यात चाकाशी कुणाचा संबंध नव्हता. आज्यानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला. बापाच्या वाट्याला चारच बैल उरले, तेव्हा त्यानं घाटंजीजवळच्या तांड्यात वावर कसायला घेतलं. आणि धावजी थेट यवतमाळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर झाला. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी तो त्याच्यावर तळवा टेकवून जरा थांबायचा. बाकीचे फिटर हसायचे. हसेनात बापडे, त्यांची यंत्रं आठवड्यातून दोनदा बंद पडायची.

जिनिंगचे मालक विठ्ठलराव यांच्याकडे एक लाल मोटार होती. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, वर टपाऐवजी ताडपत्री. कापूस खरेदीच्या धंद्यातला एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता. तेव्हापासून चौदा वर्षं गाडी विठ्ठलराव मिरवत होते आणि धावजी सांभाळत होता. तिचा नुसता आवाज ऐकून तिला काय होतंय ते तो सांगायचा. स्वतःच्या बायकोला काय होतंय हे त्याला इतकं चटकन कळत नसे, असं तिचं, जमनीचं, म्हणणं होतं.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात विठ्ठलराव गाडीतून उतरता उतरता कोसळले. शुद्धीवर आले, पण डॉक्टरांनी ऊन कायमचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धावजीला बोलावलं.

"धावजी, गाडी देऊन टाकतो आता. नागपूरचा एक शौकीन कवाचा मागून राह्यला."

धावजी एक पाऊल पुढे सरकला.

"मालक, गाडीत ऊनच येऊ नाई दिलं तं?"

"उनाले काय कडी लावतं का?"

पण कडी होती. विठ्ठलरावांच्या पुतण्यानं मुंबईच्या भंगारबाजारातून एका मोडक्या अमेरिकन मोटारीतलं थंड हवेचं यंत्र हौसेनं आणून ठेवलं होतं. दोन वर्षं ते गोदामात धूळ खात पडलं होतं. धावजीनं तेच मागून घेतलं. विठ्ठलराव म्हणाले, "पुढल्या रयवारी नागपूरवाला येते. त्याच्या आधी भर दुपारी मले घाटंजीले नेऊन दाखव. रस्त्यात एकदा जरी मी 'उकडते' म्हटलं, तं गाडी त्याची."

आठ दिवस धावजी गाडीखाली राहायला गेला म्हणा ना. यंत्राचा दाबपंप इंजिनच्या शेजारी बसवून पट्ट्यानं जोडला. गरमी बाहेर टाकणारी जाळी गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे लावली. थंड हवेची पेटी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर आली. नागपूरच्या फ्रिजवाल्या मिस्त्रीनं येऊन गॅस भरून दिला. ताडपत्रीतून झळ आत येई, तिचं काम जमनीनं घेतलं. तिनं दुहेरी कापडात जिनिंगमधला कापूस भरून टप शिवला, बाजूचे पडदे शिवले, आणि लमाणी टाका असा दाट घातला की मुंगीला वाट राहिली नाही.

"हवा आत नाई अन् बाहेर नाई," ती म्हणाली. "आता तुमचं यंत्र जाने."

शनिवारी सकाळी धावजी एकटाच गाडी घेऊन निघाला. पेटीतून पहिला झोत आला आणि त्याच्या हातावर काटा उभा राहिला. मे महिन्यात, यवतमाळात! पण समाधान मानेल तर धावजी कसला. आपल्याकडे गारवा म्हटला की वाळ्याची ताटी, दारात टांगायची आणि वर पाणी मारायचं. त्यानं हौसेनं एक लहानशी ताटी भिजवून यंत्राच्या पेटीला, हवा ओढायच्या तोंडावर, घट्ट बांधली होती. वास काय सुटला! आणि चार मैलांत झोत मंदावला, मग बंदच पडला. पुढच्या चढावर इंजिनमधून वाफेचा फवारा उडाला.

यंत्र जळालं, असं समजून त्यानं ताटी सोडली आणि आत पाहिलं.

"याडी!" त्याच्या तोंडून आईचं नाव निघालं.

आत बर्फ होता. पांढरा शुभ्र, बोटभर जाड, नळ्यांना लगडलेला. बाहेर डांबर वितळत होतं आणि कुणी आणून न ठेवता इथे बर्फ उगवला होता. धावजी रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. त्यानं तळवा त्या बर्फावर टेकवला, आणि तो बधिर होईपर्यंत उचलला नाही. देवळातसुद्धा तो कधी इतका हरखून गेला नव्हता.

मग डोकं चालू लागलं. थंडी कमी नव्हती, उलट ओल्या ताटीनं वाट अडवून तिला गोठवलं होतं. यंत्रानं बाहेर टाकलेल्या गरमीनं तापलं होतं ते गाडीचं तोंड. त्याला बापाचा गराशा आठवला, सगळ्या बैलांच्या पुढे चालणारा, कवड्यांनी सजवलेला. एकदा आर्णीच्या रस्त्यावर तो उन्हानं बसला, तेव्हा पोरगेला धावजी त्याच्या पाठीवर पाणी ओतू लागला होता. बाप ओरडला होता, "पाठीवर कायले? कपाळावर टाक, कपाळावर!" आणि गराशा उठला होता.

धावजीनं तीच ताटी सैल करून, वारा आरपार जाईल अशी, गाडीच्या कपाळावर, जाळीच्या पुढे बांधली. वर पाण्यानं भरलेली कातडी छागळ टांगली, थेंब थेंब गळेल अशी.

दुपारी एकला विठ्ठलराव गाडीत बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धावजी एक डोळा रस्त्यावर आणि एक उष्णतेच्या काट्यावर ठेवून चालवत होता. सकाळचा चढ आला, आणि गेला. काटा हलला नाही. वाघाडी नदीजवळ शेजारी मालक हलले आणि पडद्याशी चाचपडू लागले. आता म्हणणार. आता गाडी गेली.

"धावजी," विठ्ठलराव म्हणाले, "हे जरासं उघडता येते का? लय थंडी वाजून राह्यली."

ते उघडणार कसं? जमनीनं शिवलं होतं. धावजीनं गाडी बाजूला घेतली. भर दुपारच्या त्या उन्हात त्यानं डोक्यावरचा लाल फेटा उलगडला आणि मालकांच्या खांद्यांभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यानं पुसलं नाही.

"नागपूरवाल्याले नाई म्हणून सांगजो," फेट्यात हात लपवत विठ्ठलराव म्हणाले. "अन् चाल आता. घाटंजी राह्यली ना अजून."