साफ केलेली रेघ

भाऊजींचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांची एमएस्सी संपायला आली होती. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन कमऱ्यांत कॉलेजात जाणारे तेच एकटे. मामंजींची मिल बंद पडली होती, हे भाड्याचा टेंपो चालवत होते, आणि अख्ख्या घराची नजर भाऊजींवर, की पीथमपूरला नवीन दवाईची फॅक्टरी झालीय तिथे ते लॅबमध्ये लागणार. बात पण झालेली. फक्त रिझल्ट पाहिजे, आणि रिझल्टच्या आधी त्यांच्या सरांची सही पाहिजे.

ती सही अडकली होती एका भुकटीवर. अनंतमुळाच्या मुळ्या उकळून-गाळून भाऊजींनी ती काढली होती, नखाएवढी, शीशीचं बूच काढलं की आइसक्रीमसारखा वास यायचा. ती मशीनमध्ये घातली की एका लांब कागदावर रेघ निघते म्हणे. प्रत्येक पदार्थाची आपली रेघ. भाऊजींच्या भुकटीची रेघ निघाली होती, पण एकाच जातीचे दोन पदार्थ होते आणि त्यातला हा कोणता, ते पक्कं करून दाखव, मग सही, असं सर म्हणाले होते. लायब्ररीत मोठी-मोठी पुस्तकं असतात त्यात दुनियाभरच्या पदार्थांच्या रेघा छापलेल्या असतात. त्यातून त्या दोन रेघा आणायच्या आणि आपल्या रेघेशी मिळवून बघायच्या, एवढंच काम. पण भाऊजी खाटेवर, उठले की चक्कर. दोस्त येतो-येतो म्हणाला आणि आला नाही. आणि सोमवारी सर लेकीच्या लग्नाला गावी निघणार, ते महिन्याभराने येणार. तोपर्यंत सगळं गेलं असतं, साल पण आणि पीथमपूर पण.

"वहिनी, तुम्ही खाका उतरवता ना," भाऊजी म्हणाले. "हे तसंच आहे. बटर पेपर ठेवायचा आणि रेघ उतरवायची."

मी ऑर्डरचं भरतकाम करायचे. बटर पेपरवर डिझाइनचा खाका उतरवायचा, सुईने भोकं पाडायची, रॉकेलमध्ये नीळ कालवून कपड्यावर घासायची, ते मला येत होतं. पण मी आठवीपर्यंत शिकलेली, इंग्लिश म्हणजे एबीसीडी आणि आकडे.

"मला नाही येणार हो ते."

"आकडे वाचता येतात ना? बस. झेरॉक्स नाही करू देत, पुस्तक बाहेर सोडत नाहीत. तुम्हीच जाऊ शकता."

त्यांनी पर्चीवर लिहून दिलं. आधी एक इंडेक्सचं पुस्तक, त्यात C च्या पुढे आठ, H च्या पुढे आठ, O च्या पुढे तीन शोधायचं. तिथे नावांची रांग लागेल, कारण तेवढ्याच सामानाचे खूप पदार्थ होतात. त्यातली ही दोन नावं, अक्षर न् अक्षर जुळवायची. नावापुढे नंबर असेल. तो नंबर ज्या जाड पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यांत बसतो ते काढायचं. मला ते राशनच्या दुकानासारखं वाटलं आणि जरा धीर आला.

आईंना स्वैपाकाच्या कामावर जायचं होतं आणि पोरगी बाटली घेत नव्हती, म्हणून तिला कडेवर घेऊन निघाले. आई, मतलब सासूबाई, दारापर्यंत आल्या. "तोंड वर करून बोल," म्हणाल्या. "चोरी नाही करायला चाललीस."

लायब्ररीच्या दारात मी चपला काढल्या. मला वाटलं विद्येची जागा आहे, काढायच्याच असतील. आत गेल्यावर बघते तो सगळे बूट-सँडल घालून बसलेले. आता परत जाऊन घालायच्या तर सगळे बघणार. तशीच अनवाणी राहिले, पाय साडीत ओढून.

टेबलापाशी एक मॅडम होत्या. त्यांनी रजिस्टर सरकवलं. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'विभाग' छापलेलं होतं. मी विचार केला, कोणत्या भागातून आलो ते विचारतायत, आणि परदेशीपुरा लिहिलं. मॅडमनी वाचलं, मागे उभ्या दोन मुलींनी पण वाचलं.

"ये कौन सा डिपार्टमेंट है भई," मॅडम म्हणाल्या. "फिजिक्स, केमेस्ट्री, परदेशीपुरा?"

मुली हसल्या. माझे कान भडकले. मी भाऊजींची चिट्ठी आणि त्यांचं कार्ड पुढे केलं.

"बच्चा रोया तो बाहर," मॅडम म्हणाल्या आणि बोटाने कपाट दाखवलं.

नंबर सापडले. मला पण खरं वाटेना, पण सापडले. C आठच्या पानावर नावांची इतकी लांब रांग होती की दोनदा माझं बोट घसरलं, पण दोन्ही नावं अक्षराला अक्षर जुळली. मग पोरीला मांडीत धरून ती जाड पुस्तकं काढली आणि पानं उघडली. रेघ वरून सरळ चालत येते, मधेच खाली बुडते, परत वर येते, जसे दात लटकावेत. डावीकडे एक मोठा गोल झोल, मग एक लांब दात, दोन्ही पानांवर जवळजवळ सारखे. आणि उजवीकडे नुसता कचरा. बारीक-बारीक केस, एकमेकांत घुसलेले, जसा शिलाई मशीनचा दोरा ढिला झाला की कपड्याच्या खालून गुंता येतो.

मला वाटलं मशीनची सुई थरथरली असेल. जुना खाका असतो ना, घासून-घासून त्याच्या रेघा फाटतात, तेव्हा नवीन उतरवताना आपण त्या साफ करून घेतो. बाईला साफ डिझाइन पाहिजे असतं. मी तेच केलं. डावीकडचं सगळं बारकाईने उतरवलं, खालचे आकडे पण, आणि उजवीकडे सुंदर तीन-चार लाटा काढल्या, सारख्या उंचीच्या. दुसरीला पण तशाच. तेवढ्यात पोरगी रडली आणि माझं दूध उतरलं, ब्लाउज समोरून भिजला. पदर ओढला तो पण भिजला. मुलांनी मान वर केली आणि खाली घातली, ते जास्तच वाईट वाटलं. पुस्तकं टेबलावर सोडून मी बाहेर आले, चपला हातातच घेतल्या आणि सडकेवर येऊन घातल्या.

घरी भाऊजी उशी टेकून बसले. एका हातात त्यांचा कागद, एका हातात माझे दोन. माझे दोन्ही त्यांनी उजेडाला धरून बघितले.

"वहिनी, हे दोन्ही एकच दिसतायत."

"तसेच होते ते."

"उजवीकडे असंच होतं? इतकं गुळगुळीत?"

मी सांगितलं की तिथे गुंता होता तो मी साफ केला. भाऊजींनी डोळे मिटले. मामंजी फुटाणे निवडत होते त्यांचा हात थांबला.

"तो गुंताच तर पाहिजे होता," भाऊजी हळू बोलले. "डावीकडे तर सगळ्यांचं सारखंच असतं. ओळख त्या केसांतच असते, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी चुलीकडे तोंड करून बसले आणि नाक पुसत राहिले. मला वाटत होतं एवढ्या पोरांनी हसून घेतलं, दुधाचं पण बघून घेतलं, आणि मी काय घेऊन आले तर फ्रॉकची बॉर्डर. आणि आता परत जायचं. उद्या शनिवार, लायब्ररी अर्धाच दिवस.

आईंनी विचारलं, "मग? जाशील?"

"ते हसतात हो. परदेशीपुरा डिपार्टमेंट म्हणतात."

"हसू दे की. त्यांना कुठे पीथमपूरला जायचंय. तुझ्या भाऊजींना जायचंय."

शनिवारी ब्लाउजमध्ये जुन्या धोतराची घडी घातली आणि गेले. चपला काढल्या नाहीत. रजिस्टरात केमेस्ट्री लिहिलं, एखादं अक्षर चुकलंच असणार.

"आ गई परदेशीपुरा?" मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी पोरीला माझ्या कडेवरून घेतलं. "ला, इधर दे। कल किताबें टेबल पे छोड़ के भागी थी, पता है?" एवढ्या मोठ्याने की सगळ्यांनी ऐकलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जा, जा, टाइम कम है।"

ह्या वेळी मी काही साफ केलं नाही. पेन्सिल इतकी टोकदार केली की बटर पेपर फाटायची भीती, आणि एकेक केस उतरवला, उंच-नीच जसा होता तसा, कोणत्या आकड्यावर उतरतो ते बघून. आता दिसत होतं की दोन्ही वेगळे आहेत. एकात जोडीने दोन केस, दुसऱ्यात तिथे मोकळी जागा. मान दुखली. तिकडे पोरगी मॅडमच्या टेबलावर पेपरवेट चाटत होती आणि मी श्वास रोखून बसले होते की आता रडेल, आता रडेल. रडली नाही.

घरी भाऊजींनी तिन्ही कागद जवळ ठेवले, आणि एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हा." बस एवढंच. मामंजी उठून बाहेर ओट्यावर गेले.

रविवारी हे त्यांना टेंपोत घालून सरांच्या घरी घेऊन गेले. सही झाली. परत आल्यावर आईंनी विचारलं, सर काय म्हणाले.

"ट्रेसिंग चांगलं आहे म्हणाले. कोणी केलं, विचारत होते."

"मग सांगितलंस ना वहिनीने केलं?"

भाऊजी उसाच्या रसाचा पेला हातात फिरवत राहिले. "दोस्तानं, म्हटलं."

आई काही बोलणार होत्या. मीच आधी म्हटलं, "बरं केलंत भाऊजी." आणि मला खरंच बरं वाटलं होतं. कोण, काय शिकलीय, असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं. नंतर भाकरी थापताना मात्र मनात आलं की त्या रजिस्टरात माझं नाव दोनदा आहे, माझ्या हातचं, आणि कधी सरांनी ते उघडलं तर. भाकरी एका बाजूने जळाली.

भाऊजी लागले पीथमपूरला. पहिल्या दिवशी आईंनी त्यांच्या डब्यात लापशी दिली. आता कधी-कधी त्यांच्या लॅबची मुलं घरी येतात, तेव्हा भाऊजी पिलियाची, मतलब त्या काविळीची, आणि अनंतमुळाची गोष्ट सांगतात, आणि अजून दोस्तच म्हणतात. मी चहा देते आणि ऐकते. मागच्या वेळी त्यातल्या एकाने विचारलं, "वो दोस्त आजकल किधर है भिया?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. पोरगी माझा पदर ओढत होती.

"यहीं," ते म्हणाले. "परदेशीपुरा डिपार्टमेंट में."

मुलांना काही कळलं नाही. मी रिकामे कप उचलले आणि आत गेले, कान नुसते तापले होते.