जोर न देता

माझी मोठी जाऊ अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. शाळेत सगळे तिला वाचनमावशी म्हणत. तिने मीठ मागितलं तरी ऐकत राहावंसं वाटे. मला तिचा हेवा वाटायचा, कारण माझा आवाज म्हणजे फुटका नळ, हे घरात कधीच ठरून गेलं होतं.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया टांगल्या होत्या. आत बसून ती वाचायची. छापील पुस्तकात अनुप्रासाची अक्षरं ठळक केलेली असत. ती मुलांना दिसणार कशी? म्हणून जाऊ ती अक्षरं आवाजाने ठळक करायची. ‘कवाडा कुलूप, कोनाडी काळोख’ या ओळीत प्रत्येक ‘क’वर असा जोर, की झोपलेल्यालाही अनुप्रास सापडावा. यमक आलं की शेवटचा शब्द लांबवायची. ‘वाट बघुनी खिडकी दमली’ म्हणताना स्वतःच दमायची. खिडकीला माणूस केलंय, म्हणजे चेतनगुणोक्ती, हे मुलांना लगेच कळे. वर्गात रेकॉर्डिंग लावलं की मुलं धडाधड उत्तरं देत आणि घरी येईपर्यंत हिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असे.

मग परीक्षेत बाहेरच्या वाचकाने प्रश्न सपाट वाचले. एकाही मुलाला अलंकार ओळखता आला नाही. असं कसं झालं, म्हणून हिने वर्गात विचारलं. सगळ्यांत हुशार मुलगी म्हणाली, “मावशी, अलंकार तुमच्या आवाजात असायचा. तो कवितेत कसा शोधायचा, ते आम्हाला आलंच नाही.”

त्या दिवशी ती जेवली नाही.

त्याच सुमारास तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन होईपर्यंत बोलणं कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं. ही मात्र पर्स उचलून शाळेत निघाली.

“ताई, आता तरी गप्प बस गं,” मी म्हटलं.

“पुढे गप्पच बसायचंय मला. पण मुलांजवळ ते जोर दिलेलं वाचन ठेवून नाही.”

मला रागही आला आणि रडूही. शेवटी मीच कोमट पाण्याचा थर्मास घेऊन तिच्याशेजारी बसायला लागले. सगळ्या कविता तिने नव्याने वाचल्या, कुठेही जोर न देता. सवयीने ‘क’ दाबला जाई. मग ती थांबे, तेवढं रेकॉर्डिंग पुसे, पुन्हा वाचे. आवाज खरखरत होता. जन्मभर कमावलेलं सगळं ती स्वतःच्या हाताने काढून टाकत होती.

ऑपरेशननंतर बरी होताच ती मला घेऊन वर्गात गेली. रेकॉर्डिंग लावलं. कुलपाची ओळ साधीसुधी येऊन गेली.

“पुन्हा लावा,” ती हुशार मुलगी म्हणाली. या खेपेला प्रत्येक ‘क’ला तिचं बोट बाकावर टकटकलं.

“अनुप्रास. बरोबर ना, मावशी?”

जावेने होकारार्थी मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं, की हे कुणालाच दिसत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच मला थांबवलं. बाकाशी जाऊन तिने एकदा टक्क केलं.

मुलगी हसली. “आता मात्र जोर दिलात,” म्हणाली.